सगळ्या होड्या निळ्या

मला एका जागी बसून काही ठरवता येत नाही. आमच्या होडीसाठी ऑनलाइन बुकिंगची साइट निवडायची होती त्या आठवड्यात मी आमच्या वाडीत किती फेऱ्या मारल्या असतील देव जाणे. एक कारण नेटवर्कचं. घरात फोनला एक दांडी, विहिरीपाशी दोन, आणि मागच्या कुंपणाजवळ, जिथे शेजारच्यांचा शेणखताचा ढीग असतो, तिथे मात्र पूर्ण. म्हणजे अटी वाचायच्या खतापाशी नाक दाबून, आणि वाचलेल्यावर विचार करायचा विहिरीपर्यंत चालत. पण नेटवर्क हे सांगायचं कारण झालं. खरं कारण असं की नवरा घरी होता, आणि तो घरीच राहावा याच्यापलीकडे मला त्या दिवसांत काही सुचत नव्हतं.

तो टगवर काम करतो. मोठ्या जहाजांना ओढून, ढकलून धक्क्याला लावणाऱ्या ज्या ठेंगण्या, दणकट बोटी असतात त्या टग. त्याची टग गुजरातच्या एका बंदरात. एकदा गेला की सात-आठ महिने तोंड दिसत नाही. पूर्वी तो जात नव्हता. पूर्वी वाडी होती, नारळ होते, सुपारी होती, आणि जोडीला खाडीत पाहुण्यांना फिरवणारी आमची होडी होती. मग वादळ आलं आणि एका दुपारीत सुपारीची वाडी आडवी झाली. नवी रोपं लावली, पण सुपारी काही आपल्या घाईने वाढत नाही. तेव्हापासून त्याचं टगवर जाणं सुरू झालं. त्या वर्षी दिवाळीला तो आला तेव्हा मी मनाशी पक्कं केलं होतं, होडीचा धंदा असा वाढवायचा की कंपनीचा फोन आला तरी याने म्हणावं, नाही येत.

माझं माहेर उरणचं. लग्नाआधी मी एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचे. ट्रकवाले काउंटरवर हात आपटून ‘मॅडम, जल्दी करो ना’ म्हणत, आणि मी त्यांच्याहून मोठ्याने ओरडून त्यांना गप्प करायचे. तिथून इथे, दिवेआगराच्या बाजूला आले तेव्हा पहिली दोन वर्षं मला वाटायचं, या लोकांना दिवस मावळतो हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. माझ्या सासूबाई म्हणायच्या, ‘हिच्या पायाला भिंगरी हाय.’ होती, आणि आहे. त्यामुळे ऑनलाइनचं काम माझ्याकडे येणं हे ओघानेच आलं. नवऱ्याने एवढंच विचारलं, ‘तू काय ठरवशील ते ठरव. मला त्यातलं काय कळत न्हाय. पण रांगेचं काय?’

मी म्हटलं, ‘रांगेचं बघू नंतर.’

ही रांग काय ते सांगायला हवं. आमच्या गावाचा धक्का खाडीच्या एका अरुंद फाट्यावर आहे. तिथे पाहुण्यांना फिरवणाऱ्या आमच्या सगळ्या होड्या एकामागे एक बांधलेल्या असतात. रांगेचं तोंड मोठ्या खाडीकडे, शेपूट आत चिखलाकडे. पाहुणे आले की तोंडाशी असेल ती होडी निघते. दोन तास खाडीत फिरवायचं, तिवरांच्या झाडीतले पक्षी दाखवायचे, थंडीच्या दिवसांत खाडीच्या मुखापर्यंत जाऊन डॉल्फिन दिसतात का बघायचं, आणि परत येऊन शेपटाला होडी बांधायची. मधल्या होड्या पुढे सरकतात. हीच पाळी. ती कुठे लिहिलेली नाही, कुणी सांभाळत नाही, कारण होडी कुठे बांधली आहे तेच पाळी सांगतं. धक्क्यावर कुणी पाहुण्याला हाक मारत नाही. पाहुणा ज्याच्या घरी उतरला असेल त्याची स्वतःची होडी असली, तरी तो पाहुण्याला घेऊन धक्क्यावर येतो आणि दुसऱ्याच्या होडीत बसवून देतो. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नवऱ्याला विचारलं होतं, तुम्ही सगळे वेडे आहात का?

तर साइट. निवडायला तीन होत्या. पहिली मोठी, परदेशातली, जिच्यावर सगळं जग बुकिंग करतं. तिथे पाहुण्याने बटण दाबलं की बुकिंग पक्कं, आपल्याला विचारायचं कामच नाही. कॅलेंडरात वेळा भरून ठेवायच्या आणि त्या वेळेला हजर राहायचं. दुसरी आपल्याकडचीच, पण तिचा माणूस मला रोज फोन करायचा. ‘मॅडम, आप बस हाँ बोल दो, बाकी हम देख लेंगे.’ त्यांची अट अशी की दुसऱ्या कुठल्याच साइटवर जायचं नाही. मी म्हटलं, अजून तुमच्याशी सूत जुळलं नाही आणि तुम्ही पहारा बसवताय. तरी त्याचा फोन दुसऱ्या दिवशी यायचाच. तिसरी साइट पुण्याच्या एका जोडप्याने चालवलेली, लहान. बुकिंग आलं की आधी आपल्याला विचारणार, आपण हो म्हटलं तर पक्कं. तिच्या फॉर्मात एक रकाना होता: होडी ठरलेली असेल की धक्क्यावर ठरेल? तो वाचून मला हसू आलं. इतका ढिला कारभार करणाऱ्यांकडे पाहुणे येणार कुठून? मी साइट उघडून बघितली, तर खरंच फारसे कुणी येत नव्हते.

मी पहिली निवडली. मला पाहुणे हवे होते, आणि ते कंपनीचा फोन यायच्या आत हवे होते.

त्या साइटला एक होडी हवी होती आणि एक कॅप्टन. होडीचे फोटो, कॅप्टनचा फोटो, परवाना, आणि ‘तुमच्या कॅप्टनबद्दल सांगा’ असा एक चौकोन. फोटोंसाठी मी नवऱ्याला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. आमची होडी निळी, वरचं छप्पर पांढरं. ऊन चांगलं पडलं होतं, फोटो झकास आले. मग खतापाशी उभी राहून मी त्याच्याबद्दल चार ओळी लिहिल्या: लहानपणापासून खाडीत वाढलेला माणूस, पक्षी आवाजावरून ओळखतो, कमी बोलतो पण विचाराल ते सगळं सांगतो. लिहिता लिहिता मला तो जरा जास्तच आवडायला लागला. घरात आले तर हा पाय पसरून भुईमुगाच्या शेंगा सोलत बसलेला, टरफलं सगळीकडे. मी ओरडले, पण जोर नव्हता.

पहिलं बुकिंग आलं तेव्हा मी भाकरी थापत होते. फोन वाजला, आणि मी पिठाच्या हातानेच अंगणात धावले. ठाण्याचं कुटुंब, चार माणसं, रविवार सकाळ. नवराही खूश झाला. रविवारी तो धक्क्यावर गेला, मागोमाग पाहुण्यांना घेऊन मी. आणि तिथे गेल्यावर लक्षात आलं की आमची होडी शेपटाला आहे.

त्या अरुंद फाट्यात शेपटाची होडी बाहेर काढायची तर पुढच्या सगळ्यांना आपापले दोर ढिले करून बाजूला सरकावं लागतं. नवरा ते कुणाला सांगणार कसा? तो नुसता उभा राहिला. मग धक्क्यावरच्या टपरीत चहा पीत बसलेल्यांमधून एक काका उठले. ते आमचे शेजारी, नात्याने माझे चुलत सासरे, वय सत्तरीच्या पुढे, तोंडात दात मोजकेच आणि जीभ मात्र शाबूत. त्यांची होडी हिरवी, आणि त्या दिवशी तीच तोंडाशी होती. पाळी त्यांची होती. त्यांनी आपला दोर सोडला, बांबूने होडी बाजूला रेटली. मग दुसरा उठला, तिसरा उठला. सगळ्यांनी दोर ढिले केले, आमची होडी त्यांच्या मधून बाहेर गेली, आणि ते परत जाऊन चहा प्यायला बसले.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत असं अनेकदा झालं. साइटवर आमचं बरं चाललं होतं, पाहुणे कौतुक लिहीत होते, त्यामुळे आणखी पाहुणे येत होते. आणि दर वेळी ते दोर. कुणी एक शब्द बोललं नाही. भांडले असते तर मी उत्तर दिलं असतं. मुद्दे तयार होते माझ्याकडे: साइटवर मी नाव घातलं, फोटो मी काढले, तुम्हालाही कुणी अडवलं नव्हतं. ते मुद्दे मला आजही पटतात. पण भांडायला समोर कुणी येईना, आणि मुद्दे तसेच पडून राहिले.

नवरा सकाळचा चहा घरी पिऊन जायला लागला. पूर्वी तो घरी चहा घेत नसे, टपरीत सगळ्यांबरोबर घेई. मी रात्रंदिवस फोन बघत होते. अजून एक बुकिंग, अजून एक. मला वाटत होतं, एवढी बुकिंग दिसली की तो स्वतःच म्हणेल, आता टग नको.

एका दुपारी जेवताना त्याने ताट बाजूला सारलं आणि म्हणाला, ‘टगवर मी एकटा असतो, ते चालतंय मला. धक्क्यावर एकटा न्हाय ऱ्हायचं मला.’

‘मग काय करू? बंद करू?’

‘बंद कशाला? येतील ते पावने रांगेला दे. ज्याची पाळी तो नेईल.’

मला राग आला. इतका आला की मी ताटं घासायला घेतली आणि त्यातलं एक हातातून निसटून अंगणभर गरगरत गेलं. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मान्य केलं. माणूस घरी राहायला हवा असेल तर त्याचं घराबाहेरचं जगही जाग्यावर असायला हवं, एवढं मलाही कळत होतं. शिवाय मी हिशेब केला की बुकिंग वाढली की सगळ्यांच्याच पाळ्या वाढतील, आपलीही वाढेल.

तर पाहुणे रांगेला जायला लागले. नवरा पुन्हा टपरीत चहा पिऊ लागला, आणि मला वाटलं, सुटलो. मग तक्रार आली. कुणीतरी लिहिलं: फोटोत निळी होडी दाखवली होती, प्रत्यक्षात हिरवी आली. दुसऱ्याने लिहिलं: होडी वेगळीच होती, फसवणूक वाटली. आमचे तारे घसरले. तारे घसरले की साइट आपल्याला खालच्या पानावर ढकलते, आणि तिथपर्यंत कुणी येत नाही. मी फोन घेऊन तरातरा टपरीत गेले आणि सगळ्यांसमोर ती तक्रार वाचून दाखवली.

काका म्हणाले, ‘हिरवी व्हती, तर काय बुडाली काय?’

सगळे हसले. मी नाही हसले. मी त्यांना तारे म्हणजे काय, खालचं पान म्हणजे काय हे समजावलं. मला वाटतं माझा आवाज चढला होता. बोलता बोलता मी हेही बोलून गेले की धंदा चालला नाही तर हे पुन्हा टगवर जातील. नवरा खाली बघत राहिला.

मग काका म्हणाले, ‘निळी पायजे ना त्यान्ला? मग निळी देऊ.’

मला आधी कळलंच नाही. पुढच्या दोन दिवसांत कळलं. मधले वार रिकामे असतात, पाहुणे नसतात. धक्क्यावर होड्या ओढून घेतल्या आणि सगळे रंगवायला बसले. आमच्या होडीचा निळा कुठला, तो डबा शोधून त्यावरचा नंबर दाखवून बोर्लीच्या दुकानातून तसाच रंग आणला. छपरं पांढरी केली. आमच्याकडे होडीचा रंग घराण्याचा असतो. बाप वापरायचा तो रंग मुलगा वापरतो, दुरून होडी दिसली की बायका ओळखतात कोण आलं ते. काकांची हिरवी होडी त्यांच्या वडिलांपासून हिरवी होती. ते खरवडायला बसले तेव्हा मी जवळ जाऊन म्हटलं, ‘काका, तुमची राहू द्या. एका होडीने काय होतंय?’

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘का? माझ्या होडीला काय पाळी न्हाय?’

हे सगळं माझ्या त्या एका वाक्यासाठी चाललं होतं, नवरा टगवर जाऊ नये म्हणून. कुणी तसं म्हणालं नाही. मी घरी येऊन रंगाऱ्यांसाठी पोह्यांचं मोठं पातेलं केलं आणि धक्क्यावर पाठवलं, दुसरं काय करणार?

त्यानंतरचे काही दिवस गमतीचेच गेले. संध्याकाळी खाडीतून होड्या परत यायच्या तेव्हा काठावरच्या बायकांना आपला माणूस कोणता ते कळेना. एकीने नवऱ्याचा डबा दुसऱ्याच होडीत ठेवला आणि त्याने तो खाल्लाही, वर चिंबोऱ्या झकास होत्या म्हणाला. मीसुद्धा डोळ्यांवर हात धरून उभी राहायचे, आणि एक निळी होडी आली की जिवाला बरं वाटायचं, मग दुसरी आली की कळायचं, ती आपली नव्हती. साइटवर तारे पुन्हा चढले. कंपनीचा फोन आला तेव्हा नवरा ‘कळवतो’ म्हणाला. ‘येतो’ म्हणाला नाही. मी मनातल्या मनात ग्रामदेवतेला नारळ बोलले.

आणि घात झाला तो तक्रारीने नाही, कौतुकाने. मुंबईच्या एका बाईने पाच तारे देऊन पानभर लिहिलं. आमचे म्हातारे कॅप्टन किती गोड, त्यांनी खाडीत गाणी म्हटली, माझ्या मुलाला सुकाणू धरायला दिलं, असा माणूस शोधून सापडणार नाही. सोबत फोटो. काका तोंड उघडून हसताहेत, ते मोजकेच दात उन्हात चमकताहेत. मी तो फोटो टपरीत नेऊन दाखवला, काकांनी फोन हातात धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, ‘म्हातारा बरा दिसतोय.’

दुसऱ्या दिवशी साइटचा मेल आला. फोटोतला माणूस नोंदवलेला कॅप्टन नाही. सुरक्षिततेचा प्रश्न आहे. सगळ्या फेऱ्या नोंदवलेला कॅप्टनच करेल असं लेखी कळवा, नाही तर तुमची फेरी साइटवरून काढून टाकण्यात येईल. मी चॅटवर गेले. तिकडून कोण बोलत होतं, माणूस होता की यंत्र, मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी लिहिलं, सगळ्यांकडे परवाना आहे, सगळ्यांकडे लाइफ जॅकेट आहेत, इथे पाळी असते. उत्तर आलं: तुमची अडचण आम्ही समजू शकतो. कृपया एक होडी आणि एक कॅप्टन निवडा. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर. मी विहिरीपासून कुंपणापर्यंत आणि कुंपणापासून विहिरीपर्यंत किती वेळ चालत होते कुणास ठाऊक. शेवटी सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, ‘अगं, जमीन झिजवशील.’

खरं तर ‘हो’ लिहायला एक बोट लागत होतं. लिहिलं असतं तर सगळे पाहुणे आमचे. रोजचे. टग कायमची सुटली असती. मी तेच नवऱ्याला सांगितलं, स्पष्ट. तो धक्क्याकडे तोंड करून उभा होता. तिथे सगळ्या होड्या एका रंगात.

‘कसं सांगू त्यान्ला?’ तो म्हणाला. ‘अजून रंगाचा वास गेला न्हाय.’

मी ‘नाही’ लिहिलं. तेही एका बोटाने. मग त्या पुण्याच्या जोडप्याच्या साइटवर फॉर्म भरला, आणि ज्या रकान्याला मी हसले होते त्यात ‘धक्क्यावर ठरेल’ असं निवडलं. बाई स्वतः फोनवर बोलली, आपुलकीने बोलली, पण सुरुवातीलाच म्हणाली, ‘ताई, आमच्याकडे गर्दी नाहीये हं, हळूहळू वाढेल.’ मी म्हटलं, वाढू दे. मला हळूहळू या शब्दाची चीड आहे.

पुढे जे व्हायचं तेच झालं. आठवड्याला एखादं बुकिंग, कधी तेही नाही. होळी झाली, उन्हाळा लागला, आणि कंपनीचा फोन पुन्हा आला. या वेळी नवरा ‘येतो’ म्हणाला. मी भांडले. असं तसं नाही, शेजारी ऐकतील अशी भांडले. म्हटलं, तुम्हाला होडीचा रंग महत्त्वाचा, मी नाही. त्या काकांचं तुम्हाला वाईट वाटतं, माझं कधी वाटणार? तो बॅगेत कपडे ठेवत होता. थांबला, आणि म्हणाला, ‘मी गेल्यावर तू कुठं ऱ्हायचीस? यांच्यातच ना?’

मी आणखी जोरात ओरडले. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. एसटी वळणाआड गेल्यावरही मी तिथे उभी होते, आणि मला त्याचा इतका राग येत होता की रडायलासुद्धा आलं नाही.

एरवी जाताना तो होडी काठावर ओढून झाकून ठेवायचा; या वेळी भांडणात ते राहिलं आणि तो गेल्यावर होडी धक्क्यावर रांगेत तशीच राहिली. मधल्या काळात एक-दोनदा बाकीच्या होड्या निघाल्या, आमची हळूहळू पुढे सरकत तोंडाशी आली. आणि नेमकं तेव्हाच पुण्याच्या साइटवरून बुकिंग आलं. शाळेतल्या मैत्रिणींचा घोळका, बायका बायकाच, हसतखिदळत आल्या. त्यांना घेऊन मी धक्क्यावर निघाले, खिशात होडीची चावी, आणि डोक्यात एकच विचार. आता काय होणार हे मला दिसत होतं. आमच्या होडीला माणूस नाही, म्हणजे दुसऱ्या नंबरची होडी निघणार. आमची पाळी जाणार. त्यात चुकीचं काही नव्हतं, कुणीही तेच केलं असतं. पण मला ते चुकीचं ठरवायचं होतं. मी वाक्य जुळवून ठेवलं होतं: तुम्ही ज्यांच्यासाठी एवढं सोडलंत त्यांनी तुमची पाठ वळताच आपल्याला रांगेतून वगळलं, आता या परत. हे ऐकून तो तिकडे राहिला नसता. मी त्याला ओळखते.

दुसऱ्या नंबरला काकांची होडी होती. ते टपरीतून उठले, हातातला पेला टपरीवाल्याला दिला, आपल्या होडीवर चढले, तिच्यावरून चालत पुढे आले आणि आमच्या होडीत उतरले. मग माझ्याकडे हात पुढे केला.

‘चावी दे, सूनबाय.’

मी म्हटलं, ‘काका, तुमची होडी मागे आहे.’

‘माझी पाळी येल तवा मी माझी काढीन,’ ते म्हणाले. ‘आता ह्या होडीची हाय. तो न्हाय म्हणून होडी थोडीच न्हाय?’

त्यांनी मशीन चालू केलं. एकाने दोर सोडला, दुसऱ्याने बायकांना हात देऊन होडीत बसवलं. त्या सगळ्याजणी हात हलवत होत्या, मीही हलवला. दोन तासांनी काका परत आले, आमची होडी शेपटाला बांधली, चावी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, ‘मशीन जरा धूर टाकतंय, त्याला इचारून घे.’ मग पुन्हा जाऊन टपरीत बसले. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले आणि त्यांना खाडीत ढकलावंसंही वाटलं, दोन्ही खरं.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. मागे टगच्या इंजिनाची घरघर ऐकू येत होती. जेवलीस का, आईचा गुडघा कसा आहे, हे झालं. मग त्याने विचारलं, ‘आज कोन गेला पावन्यांना घेऊन?’

मी सांगितलं. जसं झालं तसं सगळं सांगितलं, धुराचंही.

मग मोठा श्वास सोडल्याचा आवाज आला. ‘मला तीच काळजी व्हती बग,’ तो म्हणाला. ‘आपली होडी अशीच पडून ऱ्हाईल असं वाटायचं. आता बरं झालं.’ त्याचा आवाज किती दिवसांनी मोकळा लागत होता. मग म्हणाला, कंपनी ठरल्याहून सहा महिने जास्त थांब म्हणतेय, उत्तर दिलं नव्हतं, जीव इकडे होता. आता हो सांगून टाकतो.

मघाशी खरं सांगण्याऐवजी ‘होडी पडून आहे’ एवढंच मी म्हणायला हवं होतं. तेवढ्यावर तो आला असता. मी तोंड उघडलं, आणि म्हटलं, ‘हो, सांगून टाका.’